साड्या बांधलेली बाग

डिसेंबर म्हणजे आमच्या जळगावकडे भरिताचे दिवस. कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची आणि शेतातच पंगत मांडायची. यंदा ते सोडून मी जुन्नर-आंबेगावात जाऊन आले. परत आल्यापासून जो तो विचारतो, शिवनेरी चढलीस का, लेणी पाहिलीस का. यातलं काहीच मी पाहिलं नाही. मी द्राक्षाच्या बागा पाहिल्या. त्यातली एक अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं काम केळीच्या रोपांचं. कंदाचा नखाएवढा तुकडा बाटलीत ठेवायचा. त्याच्या खाद्यात एक संप्रेरक जास्त घातलं की कोंब फुटतात, दुसरं जास्त घातलं की मुळ्या फुटतात. कधी प्रमाण चुकतं, मग धड कोंब येत नाही आणि धड मुळीही येत नाही. नुसता गोळा वाढत राहतो. असल्या बाटल्या आम्ही लगेच फेकतो. फेकताना कोणी फार वेळ त्यांच्याकडे बघत नाही.

वंदना माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. लग्न होऊन ती पिंपरी पेंढारला गेली आणि पुस्तकातलं शेत सोडून खऱ्या शेतात उतरली. नोव्हेंबरात तिने मला फोटो पाठवले. नव्या वेलींच्या बुंध्याशी काहीतरी आलंय, औषध मारून जात नाही, तू येऊन बघ, असा निरोप होता. फोटोतल्या त्या फुगवट्यांवर मी बोट ठेवून मोठं करून पाहिलं आणि रजेचा अर्ज टाकला.

आळेफाटा, पिंपरी पेंढार

नाशिकला गाडी बदलून आळेफाट्याला उतरले तेव्हा दुपार कलली होती. वंदनाचा नवरा संदीप पिकअप घेऊन आला होता. त्याने आधी मला जेवायला नेलं. ताटात मासवडी आली. नावात मासा असला तरी हा पदार्थ शाकाहारी. बेसनाच्या वेटोळ्यात तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि सोबत काळपट तर्रीचा रस्सा. आमच्या पातोड्यांची ही थोरली बहीण असेल असं वाटून मी रस्सा वाटीने तोंडाला लावला. पुढचा अर्धा रस्ता मला उचक्या लागल्या होत्या आणि संदीप मोठ्या सभ्यपणे समोर बघून गाडी चालवत होता.

दोन्ही बाजूंना ऊस, मधे कांदा, मधे द्राक्षाचे मांडव. वंदनाच्या घरी चपलांच्या खुंटीशेजारी तीन-चार जाड पट्टे टांगले होते, बाहेरच्या बाजूने खिळे वर आलेले. कुत्र्यांचे असतील असं मला वाटलं. शेताकडे निघताना वंदनाने त्यातला एक काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि दुसरा माझ्यापुढे धरला. बिबट्या मानेला धरतो, वाकून काम करताना मान उघडी पडते, एवढंच ती म्हणाली. मंगळसूत्र सरळ करावं तसा तिने तो पट्टा सरळ केला. माझी ओढणी खिळ्यात अडकून टरकन फाटली.

बागेत बायका घड बुडवत होत्या. एकेकीच्या हातात प्लास्टिकचा मग. घड वर करून मगात बुडवायचा, हलकेच झटकायचा, पुढे सरकायचं. याला इकडे जीए देणं म्हणतात; जीए हे वाढीचं एक संप्रेरक. बियांच्या द्राक्षात बीच हे संप्रेरक तयार करतं आणि मणी फुगतो. बिनबियांच्या मण्यात असं सांगणारं आत कोणी नसतं, म्हणून बाहेरून माणसाने जाऊन सांगायचं. ओळीने उभ्या असलेल्या त्या बायका, सगळ्यांच्या गळ्यात खिळे, आणि घडामागून घड मगात चाललेला. बिबट्या उसातून येतो; उसाकडे पाठ करून काम करायचं नाही असा इथला रिवाज आहे, म्हणून सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती.

नवी ओळ टोकाला होती. मी गुडघ्यावर बसून माती बाजूला केली. कलमाच्या जोडाशी, बरोबर जिथे चाकू लागला होता तिथे, गाठी होत्या. काही सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या. वरून भेगाळलेल्या, आतून ओल्या. दाबल्यावर स्पंजासारखं लागत होतं. मी अशी गाठ पुस्तकात पाहिली होती, शिकवलीही होती. हाताखाली पहिल्यांदाच आली.

ही ओळ उपटून जाळावी लागेल, असं मी सांगितलं. वंदना उभ्या उभ्या मांडवाच्या तारेला धरून राहिली. ओळ गेली तर गेली, ती म्हणाली, पण हे आलं कुठून? मग संदीपने सांगितलं की कलमाच्या काड्या त्याच्या मामांच्या बागेतल्या. मामा म्हणजे बबननाना, आंबेगाव तालुक्यात लोणीला एकटेच राहतात. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून नाना कोणाला बागेत येऊ देत नाहीत. गेल्या वर्षी संदीप काड्या मागायला गेला तेव्हा त्यांनी जुडी बांधून रस्त्यावर आणून दिली होती. आणि फक्त त्यालाच नाही, जो मागेल त्याला ते काड्या देत होते.

म्हणजे ही आता एका ओळीची गोष्ट राहिली नव्हती.

लोणी

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. नारायणगाव, मंचर मागे पडलं आणि पूर्वेला वळल्यावर मुलूख बदलला. ऊस विरळ झाला, माळ वर आले. डोंगर नुसते बोडके. पाण्याचा भाग आणि बिनपाण्याचा भाग एका तालुक्यात इतका जवळजवळ असतो, हे मला नवीन होतं. मधे एका ठिकाणी कुठल्याशा शेतात बाजरीची उशिरा राहिलेली ताटं दिसली. कणसांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके लोंबत होते. संदीप म्हणाला, तो गोसावी. असं ताट गोसाव्याच्या जटेसारखं दिसतं म्हणून रोगालाच ते नाव. त्यातही रोपाच्या वाढीचा हुकूमच फिरतो, आणि दाण्याच्या जागी पान येतं. गाडी पुढे गेली तरी मी मान वळवून बघत राहिले.

नानांचं घर गावाबाहेर, शेततळ्याच्या कडेला. घराच्या अलीकडे एक बाई कांदा खुरपत होती. नाना कुठे आहेत विचारल्यावर तिने हाताने बाग दाखवली, आणि न विचारता आणखी सांगितलं.

"तुमी आत नका जाऊ, पावणं. वाघसुदिक बसत न्हाई त्या बागंत. ऊस नाय, आडोसा नाय, तरी दुसऱ्यांच्या बागंत बसतोय. हितं न्हाई."

नाना आवाज ऐकून बाहेर आले. उंच, वाळके, स्वच्छ धोतर, हातात तांब्या. संदीपला बघून त्यांचा चेहरा खुलला. वंदनाकडे त्यांनी तिच्या पोरीची चौकशी केली, माझं गाव विचारलं, जळगावची केळी चांगली म्हणाले. चहा स्वतः केला, गूळ घालून. वेडं म्हणावं असं त्या माणसात काहीच दिसलं नाही. वंदनाने वेलींचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ताई शिकलेल्या आहेत, त्यांना दाखवतो.

दोन वर्षं त्या बागेची छाटणी झाली नव्हती. वेली एकमेकींत गुंतून वर छत झालं होतं. भर दुपारी खाली संध्याकाळ होती. वारा नव्हता. पक्षी नव्हते. इतर बागांत पाखरांसाठी जाळ्या लावतात, इथे वाळके घड तसेच लटकत होते आणि कशाने टोचलेले नव्हते.

मग डोळे सरावले आणि मला साड्या दिसल्या.

प्रत्येक वेलीच्या खोडाला, कमरेच्या उंचीवर, लुगड्याची एक पट्टी बांधलेली होती. हिरवी, वांगी, पिवळी, चौकड्यांची. ओळीच्या ओळी. काठ बाहेर येईल अशी नीट गुंडाळलेली, मागे गाठ मारलेली. सगळ्या पट्ट्या ओल्या होत्या. नाना पुढे झाले आणि तांब्यातलं पाणी एकेकीवर ओतत चालले. वंदनाने माझा दंड धरला. तिला मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मामींच्या आहेत," ती माझ्या कानाशी म्हणाली, "सगळ्या मामींच्या साड्या आहेत."

मी एका पट्टीला हात लावला. आत गोल, घट्ट, माझ्या ओंजळीएवढं काहीतरी होतं. पट्टी सोडायला मागची गाठ उकलली, पण कापड निघेना. जरा जोर केला तेव्हा आतून बारीक तटतट आवाज आला आणि मी हात मागे घेतला. वाकून पाहिलं. खोडावरच्या गाठीतून पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या, दोऱ्याएवढ्या. त्या कापडाच्या विणीतून आरपार बाहेर आल्या होत्या. साडी वेलीला शिवली गेली होती.

हे का झालं ते मला ठाऊक होतं. त्या गाठीत संप्रेरकाचा पूर असतो, वर रोज ओलं कापड. मुळ्या फुटणारच. माझ्या बाटल्यांत मी मुद्दाम हेच करते. कारण माहीत असूनही मी होते तिथेच मातीत बसले.

नाना माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले. संदीपला आणि वंदनाला त्यांनी घराकडे जायला सांगितलं. मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं, हळू, एखादा व्यवहार समजावून सांगावा तसं. मामींना, म्हणजे कौसल्याबाईंना, गाठ झाली होती. पुण्याच्या दवाखान्यात ती काढली. नंतर उपचार चालले, पण ती परत आली, दुसरीकडे आली, आणि बाई गेल्या. त्याच हिवाळ्यात एकटे छाटणी करताना त्यांचा हात एका खोडाला लागला. मग दुसऱ्याला. मग सगळीकडे.

"काढलेली गाठ त्यांनी कुठं टाकली," नाना म्हणाले, "ते मला कुणी सांगितलं न्हाई. मी इचारलंबी व्हतं. आता तुमी सांगा. हे तेच हाय का?"

ते माझ्याकडे बघत होते. हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नव्हता आणि हो-नाही करून टाळण्यासारखाही नव्हता.

मी त्यांना माझ्याच्याने होईल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. हे माणसाचं नाही, वेलीचं दुखणं आहे. मातीत एक जिवाणू असतो. कात्रीने, थंडीने सालीला जखम झाली की तो आत येतो आणि वेलीच्या पेशीत स्वतःची थोडी जनुकं ठेवतो. त्या जनुकांत एवढाच हुकूम असतो की वाढीचं संप्रेरक बनवत राहा, आणि माझ्यासाठी खायला करत राहा. वेलीलाही संप्रेरक बनवता येतं, पण कधी थांबायचं ते तिला कळतं. या हुकमात थांबणं नाही.

"म्हंजी त्यो आत बसलाय?"

"असेल किंवा नसेलही. तो मेला तरी गाठ वाढते."

"मग वाढवतंय कोण?"

"वेलच, नाना. तिच्याच पेशी. त्यांना आता ते आपलंच काम वाटतं."

तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी नेहमीसारखं समोरच्या चौकड्यांच्या पट्टीवर ओतलं नाही, बाजूला मातीत ओतलं. मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगायला जीभ रेटत नव्हती. तुम्ही दिलेल्या काड्यांतून हे दुसऱ्यांच्या बागांत चाललंय. वंदनाची ओळ गेली. ही बाग मुळासकट काढून जाळावी लागेल.

"सकाळी बगू," नाना म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी भाकरी आणि मटकीची उसळ झाली. नाना नीट जेवले. आम्ही तिघांनी ताटातलं कसंबसं संपवलं.

लोणी, दुसरी सकाळ

उठलो तेव्हा दाट धुकं होतं. शेततळं दिसत नव्हतं, अंगणातली तुळससुद्धा नाही. नानांचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. संदीपने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. तो तळ्याकडे धावला, आणि त्याच्या धावण्यावरून त्याच्या मनात काय आलंय ते आम्हाला कळलं. वंदना आणि मी बागेत शिरलो.

धुक्यात खोडं दिसत नव्हती, फक्त ओल्या पट्ट्यांचे रंग दिसत होते, कमरेच्या उंचीवर. बायका पाठमोऱ्या उभ्या असाव्यात तसे. आम्ही ओळीतून चाललो की पुढचे रंग उगवायचे आणि मागचे बुजायचे. वंदना मोठ्याने "मामा, मामा" करत होती, पण आवाज पुढे जात नव्हता. मला मागे वळून पाहावंसं वाटत होतं आणि मी पाहिलं नाही.

नाना शेवटच्या ओळीत सापडले. मांडी घालून बसले होते, मांडीवर ब्लेड, दोन्ही हात चिकाने माखलेले. समोरच्या खोडावर पिवळ्या काठाची पट्टी अर्धी सुटलेली, अर्धी तशीच. पहाटेपासून ते साड्या सोडवायला बसले होते. वेली जाळायला त्यांची ना नव्हती. साड्या तेवढ्या ठेवून घ्यायच्या होत्या.

"सुटत न्हाई," ते म्हणाले. "कापडात गेलीय पार."

वंदना खाली बसली आणि तिनेही प्रयत्न केला. नखांनी एकेक मुळी सोडवायला लागली. थोड्या वेळाने नानांनीच तिचा हात धरून बाजूला केला. "ऱ्हाऊ दे, पोरी. हायत तशाच जाऊ दे. दोगींना येगळं करून काय मिळायचंय."

धुकं विरल्यावर संदीपने गावातून ट्रॅक्टर आणला. कांदा खुरपणारी बाई आणि आणखी चार-सहा जण आले, पण बांधाच्या आत कोणी पाऊल टाकेना. शेवटी नानांनी स्वतः साखळी पहिल्या खोडाला बांधली. त्यानंतर लोक आले. दुपारपर्यंत माळावर मोठा ढीग झाला. त्या ढिगात सगळीकडून काठ आणि पदर बाहेर आले होते. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याला कोणी काढायला सांगितलं नव्हतं.

ओलं लाकूड पेटायला वेळ लागला. डिझेल घालावं लागलं. आणि पेट घेतल्यावर आवाज सुरू झाला. गाठींच्या भेगांतून वाफ निघत होती, बारीक शिट्टीसारखी. एकीतून थांबली की दुसरीतून. वर, खाली, ढिगाच्या आतून. वाफ आहे, मी मोठ्याने म्हणाले, आत पाणी असतं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि सगळे चार पावलं मागे सरकले. नाना सरकले नाहीत. शिट्ट्या थांबेपर्यंत ते तिथेच उभे होते, अंगावर राख पडत होती तरी.

मग ते माझ्याकडे आले आणि काड्या कोणाकोणाला दिल्या ती नावं सांगू लागले. मी न विचारता. या जागेत पुढे काय लावायचं तेही त्यांनी विचारलं. काही वर्षं द्राक्ष नको, बाजरी-ज्वारी चालेल, असं मी सांगितलं.

आळे

पुढचा सगळा दिवस आम्ही नानांबरोबर फिरलो. मधे एकदा पिकअप पंक्चर झाली आणि आम्ही रस्त्याकडेला उन्हात बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलून खाल्ले. आमच्याकडे हरभरा भाजून हुळा करतात, इथे कच्चाच खातात. नाना त्या वेळी पहिल्यांदा थोडं हसले. ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याशी ते स्वतःच बोलत होते. माझ्या बागेतून तुमच्याकडं रोग आलाय, एवढं सरळ. एकाने शिव्या दिल्या. नानांनी ऐकून घेतल्या. दोन ठिकाणी गाठी निघाल्या, एका ठिकाणी काड्या जगल्याच नव्हत्या.

शेवटचं घर आळ्यात होतं. किराणा दुकान, मागे राहायचं. शोभाभाभी म्हणून जैन बाई, राजस्थानातून आलेल्या घराण्यातल्या, पण बोलणं आपल्यासारखंच. पन्नाशीच्या, केस आखूड, नव्याने वाढलेले. नानांना बघून त्या दुकानातून उठून आल्या आणि कौसल्याताई असत्या तर, असं काहीतरी म्हणून थांबल्या. तेव्हा मला कळलं की दोघींची ओळख दवाखान्यातली. एकाच वॉर्डात, शेजारच्या खाटांवर, एकाच दुखण्याने. त्यातल्या एकीला बरं वाटलं होतं. नानांनी तिला एक काडी नेऊन दिली होती.

ती वेल मागच्या अंगणात होती आणि मी त्या प्रवासात पाहिलेली सगळ्यात सुंदर वेल तीच. दीड वर्षात तिने सबंध अंगणावर मांडव धरला होता. पानं तजेलदार, एकही डाग नाही. भाभी तिच्याकडे हात करून म्हणाल्या की मला बरं वाटायला लागलं आणि ही वाढायला लागली, दोन्ही बरोबरच.

मी बुंधा पाहिला. जमिनीच्या वर हातभर, चहूबाजूंनी. काही नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि स्वतःला बरं वाटू दिलं. वंदनाने सुस्कारा सोडला.

नाना पुढे झाले. त्यांनी बाही वर केली, बुंध्याशी मातीत बोटं घातली आणि डोळे मिटले. मातीखाली ते हळूहळू खोडाभोवती बोटं फिरवत होते. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत होतो. शोभाभाभी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

बोटं एका जागी थांबली. थोडी मागे आली, पुन्हा तिथेच गेली.

"आहे ना?" भाभींनी विचारलं.

"हाय," नाना म्हणाले. "लहान हाय. लिंबोळीएवढी."

भाभींच्या घरात कंदमूळ शिजत नाही, मुळासकट झाड उपटणं तर दूरच. मी म्हणाले की घाई नाही, दोन दिवस विचार करा, घरच्यांना विचारा.

"विचार कशाला करायचा?" त्या म्हणाल्या. "लवकर कळलंय. मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, लवकर कळलंय तर आजच या. दिवस मावळायच्या आत काढा."

त्यांनी स्वतः शेजारून कुदळ मागवली. काम चालू असताना त्या आत गेल्या नाहीत. हात जोडून, ओठ हलवत, पायरीवर बसून राहिल्या. वेल निघाली तेव्हा अंगणात एकदम ऊन आलं आणि सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले.

नानांना सोडायला आम्ही लोणीकडे निघालो. मंचर मागे पडलं. मग नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिचीबी पयल्यांदा माझ्याच हाताला लागली व्हती. पाठ चोळताना. एवढीच व्हती." थोडं थांबून म्हणाले, "ती म्हणली, बाजरी निगू द्या, मग दवाखान्यात जाऊ."

घर येईपर्यंत त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवरून हळूहळू फिरत होता, आत काहीतरी बारीक, गोल धरलेलं असावं तसा.